पाताळेश्वर लेणं बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी ओळखीच्या मंडळींना पाताळेश्वर दाखवायला न्यायचं, हे मी बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे 'आई-बाबांना न्यायचंय, पायऱ्या किती?' इथपासून 'शंकराला पूर्ण प्रदक्षिणा चालते का?' इथपर्यंतचे प्रश्न फोनवर येतच असतात. त्याच त्या उत्तरांची ही एकत्र मांडणी. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पाताळेश्वर नक्की कुठे आहे? कसं यायचं?

पुण्यात, शिवाजीनगरला, जंगली महाराज रस्त्यावर. जंगली महाराजांच्या समाधी मंदिराला अगदी लागून. हा रस्ता शिवाजीनगरकडून डेक्कनकडे एकेरी आहे, म्हणून डेक्कनकडे जाणारी बस तुम्हाला जवळ सोडेल. परत शिवाजीनगरकडे जायचं असेल तर चालत फर्ग्युसन रस्त्यावर जावं लागतं. मेट्रोने येणाऱ्यांना शिवाजीनगर किंवा छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानकं सोयीची, तिथून दहा-पंधरा मिनिटांची पायपीट. गाडी शक्यतो आणूच नका. रविवारी सकाळीसुद्धा या रस्त्यावर चारचाकीला जागा शोधताना निम्मा उत्साह संपतो.

२. तिकीट आहे का? किती वाजता जावं?

तिकीट नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात कधीही गेलात तर अडचण येत नाही. माझा आग्रह मात्र सकाळचाच. लेण्याचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचा उजेड तिरका आत येतो आणि खांबांवरचे छिन्नीचे घाव उठून दिसतात. दुपारनंतर आत नुसता काळोख आणि बाहेर डोळे दिपवणारं ऊन, त्यात दगडाचं काहीच कळत नाही.

३. किती वेळ काढून जायचं?

दर्शन घेऊन निघायचं असेल तर दहा मिनिटं पुरतात. लेणं बघायचं असेल तर तासभर. बरेच पुणेकर लहानपणापासून इथे येतात, नंदीपाशी फोटो काढतात आणि 'त्यात काय आहे एवढं, साधे चौकोनी खांब' म्हणून निघतात. त्यांना मी सांगते, आत जाऊन पाच मिनिटं नुसतं बसा. डोळे अंधाराला सरावले की लेणं दिसायला लागतं, त्याआधी नाही.

४. हे लेणं किती जुनं आहे? कोणी खोदलं?

आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं. म्हणजे शनिवारवाडा उभा राहिला त्याच्या जवळपास हजार वर्षं आधीचं. ठोकळेबाज चौकोनी खांब, खोदाईची पद्धत आणि एकूण मांडणी यांवरून हा काळ ठरवला जातो.

त्याच शतकातला आणखी एक पुरावा पुणेकरांनी लक्षात ठेवावा असा आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत 'पुण्य विषय' आणि 'पुनक विषय' असे उल्लेख येतात. विषय म्हणजे तेव्हाचा प्रशासकीय विभाग, आजच्या जिल्ह्यासारखा. पुण्याच्या नावाचे हे सर्वांत जुने लेखी उल्लेख समजले जातात. वेरूळच्या कैलास लेण्याचं श्रेयही याच कृष्णराजाला दिलं जातं. म्हणून पाताळेश्वर त्यानेच खोदवलं असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर मान डोलवू नका; तेवढं म्हणायला आधार नाही. काळ एक, घराणं एक, एवढंच म्हणावं.

५. लेणं आणि देऊळ यांत फरक काय? आम्हाला तर देऊळच वाटलं.

देऊळ बांधतात, लेणं खोदतात. देवळात दगडावर दगड चढतो. लेण्यात दगड आधीपासून तिथेच असतो, नको तेवढा काढून टाकायचा. पाताळेश्वरात एकही खांब आणून उभा केलेला नाही. खांब, छत, जमीन, गाभारे सगळा एकच कातळ आहे, आणि तो कातळ इथेच जमिनीत रुजलेला आहे.

खोदाई वरून खाली होते. आधी छत, मग खांबांचे माथे, मग बुंधे, शेवटी जमीन. त्यामुळे परांची बांधावी लागत नाही, पण चूक सुधारायची सोयही नाही. बांधकामात दगड तुटला तर दुसरा आणता येतो. इथे खांबाचा कोपरा निसटला की कायमचा गेला. आपला काळा बसाल्ट हा लाव्हाच्या थरांनी बनलेला, कठीण पण बऱ्यापैकी एकसंध दगड आहे. देशातली बहुसंख्य लेणी सह्याद्रीच्या आसपास सापडतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

आणि 'लेणं' हा शब्दही बघा. दागिन्यालाही आपण लेणंच म्हणतो.

६. आत गेल्यावर काय काय बघायचं, कुठल्या क्रमाने?

रस्त्यावरून आत आलात की आवाज कमी व्हायला लागतो. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली, कातळात खोदलेल्या मोकळ्या चौकात तुम्ही उतरता. इथे आधी थांबा आणि चौकाच्या कडांकडे बघा. आज रिकामी दिसणारी ही सगळी जागा एकेकाळी भरीव दगड होती. तो दगड छिन्नी-हातोड्याने फोडून पाट्यांनी बाहेर वाहिला गेला, तेव्हा हा चौक झाला. लेण्यातली सगळ्यात मोठी मेहनत या रिकामेपणात आहे.

चौकाच्या मधोमध नंदीमंडप. पाताळेश्वराची ओळख म्हणजे हाच. मंडप गोल आहे, वर छत्रीसारखं दगडी छत आणि खाली जाडजूड चौकोनी खांब. चौक खोदताना मधला हा दगड मुद्दाम शिल्लक ठेवला आणि त्यातून मंडप कोरून काढला. गोल नंदीमंडप ही दुर्मीळ गोष्ट आहे. नंदीमंडप म्हटला की सहसा चौकोनीच डोळ्यासमोर येतो. मंडपाभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि खांब मोजा, आतले वेगळे आणि बाहेरचे वेगळे. मुलांना हे काम दिलं की ती रमतात, आणि मोठ्यांचंही लक्ष छतापर्यंत जातं.

मग नंदीच्या मागे उभं राहून त्याच्या नजरेने समोर बघा. खांबांच्या ओळी एकामागे एक अंधारात शिरत जातात आणि सगळ्यात शेवटी गाभारा. उजेडाकडून काळोखाकडे नेणारी ही रचना योजून केलेली आहे. नाव पाताळेश्वर का, ते या जागी उभं राहिल्यावर कळतं.

आत गेल्यावर मधल्या गाभाऱ्यात शिवलिंग, दोन्ही बाजूंना आणखी एकेक लहान गाभारा. संगमरवरी मूर्ती दिसल्या तर त्या नंतर केव्हातरी बसवलेल्या समजा, मूळ लेण्याचा दगड काळाच. गाभाऱ्यांभोवती फिरायला वाट कोरलेली आहे. त्या वाटेवर हळू चाला, कारण अपुऱ्या कामाच्या खुणा तिथे जास्त दिसतात (का, ते प्रश्न ७ मध्ये). बाजूच्या भिंतींवर कुठे कुठे शिल्पपटांची जागा आखलेली आहे. काही ठिकाणी आकृती पुसट उरल्या आहेत. मोबाइलचा उजेड थेट न टाकता बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. सावल्या पडतात आणि पुसट रेषा वर येतात. हे करताना कोणी डोळे मिटून बसलेलं नाही ना, ते आधी बघा.

७. लेणं अर्धवट का सोडलं?

बहुधा दगडाने दगा दिला. गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला कातळात भेग आहे, आणि त्यामुळेच काम थांबवलं असावं असं मानतात. कातळाच्या पोटात काय आहे ते खोदेपर्यंत कळत नाही. वरून खणखणीत वाटणारा दगड आत फुटका निघाला तर कारागिराच्या हातात काहीच उरत नाही. पुढे खोदावं तर छत बसायची भीती, आणि मागे जाऊन नव्याने सुरुवात करायची तर जागाच बदलावी लागणार.

'अपुरं आहे, मग काय बघायचं' असंही लोक म्हणतात. मला उलट वाटतं. पूर्ण झालेल्या, घोटून गुळगुळीत केलेल्या लेण्यात कारागीर दिसेनासा होतो. इथे तो दिसतो. कुठे घाव ओबडधोबड, कुठे बारीक आणि एका दिशेने, कुठे कोपरा अर्धाच धरलेला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असं आपण सहज बोलून जातो. ते घाव कसे असतात ते बघायचं तर पुण्यात यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

८. पांडवांनी एका रात्रीत खोदलं म्हणतात. आणि आत भुयार आहे का?

महाराष्ट्रात जिथे जिथे लेणी आहेत तिथे तिथे पांडव पोचले आहेत. नाशिकच्या बौद्ध लेण्यांनाही पांडवलेणीच म्हणतात. माणसाच्या हातून एवढं होईल यावर विश्वास बसत नाही, म्हणून लोकांनी ते भीमाच्या हाती सोपवलं. आजीने नातवाला ही गोष्ट जरूर सांगावी. फक्त गोष्ट संपल्यावर छिन्नीचे घावही दाखवावेत, कारण ते काम एका रात्रीचं नाही, आणि ते करणाऱ्या पाथरवटांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

भुयार नाही. गाभाऱ्यामागची अंधारी वाट बघून ते दूर कुठे निघत असेल असं वाटतं, पण ती प्रदक्षिणेचीच वाट आहे, फिरून तुम्ही पुन्हा पुढेच येता.

९. हे मुळात बौद्ध लेणं होतं का?

नाही, पाताळेश्वर सुरुवातीपासून शैव आहे. बौद्ध लेण्यात तुम्हाला चैत्यगृह आणि त्यात स्तूप दिसेल, किंवा विहार, म्हणजे भिक्खूंना राहायच्या खोल्या आणि त्यांत झोपायचे दगडी ओटे. इथे त्यातलं काही नाही. नंदीमंडप आणि गाभारा समोरासमोर ठेवूनच खोदाईची आखणी झालेली आहे.

गोंधळ होतो तो जिल्ह्यातल्या इतर लेण्यांमुळे. कार्ले, भाजे, बेडसे ही बौद्ध लेणी आहेत आणि पाताळेश्वराहून कित्येक शतकं जुनी. कार्ल्याच्या चैत्यगृहाला लागून एकवीरा आईचं देऊळ आहे, म्हणून देवीला जाणारे लेण्यालाही देवळाचाच भाग समजतात. काही ठिकाणी खरंच बौद्ध विहारात नंतर देव बसले. त्यांची नावं प्रश्न २१ मध्ये आहेत.

१०. पाताळेश्वर, पांचाळेश्वर, भांबुर्ड्याची लेणी, जंगली महाराज मंदिर: हे सगळं एकच का?

पहिली तीन एकच. आजचं शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डे गाव, मुठेच्या अलीकडचं. पुणं नदीपलीकडे होतं. जुन्या लिखाणात 'भांबुर्ड्याचं लेणं' असं आलं तर ते हेच. पांचाळेश्वर हे याचंच दुसरं नाव.

जंगली महाराज मंदिर मात्र वेगळं. ती जंगली महाराजांची समाधी, १८९० मधली. दोन्ही शेजारी शेजारी असल्याने रिक्षावाल्याला 'जंगली महाराज मंदिर' सांगितलंत तरी योग्य जागी पोचाल.

११. चपला कुठे काढायच्या? कपड्यांचं काही बंधन?

लेण्याच्या जमिनीवर पाय ठेवायच्या आधी. आत पूजा चालू असलेलं देऊळ आहे, 'मी फक्त खांब बघायला आलोय' हे कारण चालत नाही. उन्हाळ्यात चौकातला दगड दुपारी तव्यासारखा तापतो, मोजे घालून या. कपड्यांची सक्ती नाही. गुडघे आणि खांदे झाकलेले असले की कोणाला वावगं वाटत नाही.

१२. पूजा, अभिषेक करता येतो का? काय न्यावं?

फूल, बेल वाहून दर्शन घेता येतं. अभिषेकासारखं काही मनात असेल तर पुजाऱ्यांशी आधी बोला. शंकराला बेल, पांढरी फुलं, धोतरा. पिंडीला हळद-कुंकू लावत नाहीत, आणि केवडा वाहत नाहीत. नारळ, उदबत्ती, कापूर यांबाबत तिथे जे सांगतील ते ऐकायचं.

एक कळकळीची विनंती. कुंकू, तेल, मेण हे खांबांना, भिंतींना, नंदीमंडपाच्या दगडाला लावू नका. बसाल्टवर बसलेलं तेल धूळ धरतं, दर वर्षी एक थर चढतो आणि खालचे छिन्नीचे घाव बुजतात. ते काढायला घासावं तर दगड झिजतो. देवाला वाहायचं ते देवापाशी वाहा. निर्माल्यही खाली टाकून न देता त्याच्या जागीच ठेवा.

१३. शंकराला प्रदक्षिणा अर्धी घालतात ना? मग इथे गाभाऱ्याभोवती वाट कशी?

हा प्रश्न खूप जण विचारतात, आणि तो योग्यच आहे. शाळुंकेतून तीर्थ वाहून नेणारी पन्हळ म्हणजे सोमसूत्र. ती ओलांडायची नाही, म्हणून शिवाला सोमसूत्री प्रदक्षिणा घालतात: देवाला उजवीकडे ठेवून पन्हळीपर्यंत जायचं, ती न ओलांडता आल्या वाटेने परत फिरायचं, दुसऱ्या बाजूने पन्हळीपर्यंत यायचं आणि पुन्हा मागे येऊन समोर थांबायचं. तीर्थ उघडं वाहत नसेल, पन्हळ दगडाने किंवा गवताने झाकलेली असेल तर ओलांडायला हरकत नाही, असाही संकेत आहे, आणि बरेच जण तो मानतात.

वाटेचं म्हणाल, तर ती लेण्याच्या रचनेचा भाग आहे. बघायला जाणाऱ्याने ती पूर्ण फिरावी. प्रदक्षिणा म्हणून घालायची असेल तर आपल्या घरच्या रीतीप्रमाणे घालावी. मागे कोणी अर्ध्यावरून परत फिरताना दिसलं तर बाजूला होऊन वाट द्या, ते चुकलेले नसतात.

१४. आमचे मित्र दुसऱ्या धर्माचे आहेत, परदेशी पाहुणेही आहेत. आत सोडतात का?

हो. प्रश्न ११ मधलं पाळलं की झालं. पाहुण्यांना एवढं आधी सांगून ठेवा की देवाकडे पाय करून बसायचं नाही आणि नंदी व पिंड यांच्या मधल्या रेषेत फोटोसाठी रेंगाळायचं नाही. ती नजरेची वाट मोकळी ठेवायची असते. नंदीच्या शिंगांवर अंगठा आणि तर्जनी ठेवून मधून दर्शन घेण्याची पद्धत दाखवलीत तर त्यांना फार आवडतं.

१५. पाळी चालू असताना जावं का?

इथे कोणी विचारत नाही, विचारायचं कारणही नाही. तुमचा निर्णय तुमचा. नुसतं लेणं बघायचं असेल तर चौक, नंदीमंडप आणि खांबांच्या ओळी गाभाऱ्यापासून लांबूनही निवांत बघता येतात, एवढं घरच्यांचा आग्रह मोडवत नसलेल्यांना सांगते.

१६. फोटो काढू देतात? प्री-वेडिंग शूट, रील, ड्रोन?

मोबाइलने फोटो काढायला अडचण येत नाही. गाभाऱ्यात फ्लॅश नको. पूजा करणाऱ्यांचे फोटो त्यांना न विचारता काढू नका. ट्रायपॉड, मोठा कॅमेरा, लाइट, कपडे बदलून होणारं शूट हे सगळं परवानगीशिवाय करता येत नाही, आणि ड्रोन तर मुळीच उडवू नये. हे केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं संरक्षित स्मारक आहे, परवानगी तिथून घ्यावी लागते. शूटसाठी नंदीमंडपाच्या कठड्यावर किंवा छतावर चढणं हे परवानगी असली तरीही करू नये.

१७. पावसाळ्यात जावं का?

जावं, जपून. भिजलेला काळा दगड बघणं हे सुख आहे, त्याचा रंग आणि पोत दोन्ही उघडतात. पण शेवाळं फार. एका आषाढात माझ्याबरोबर आलेल्या एक काकू चौकात घसरल्या आणि मनगट दुखावून घेतलं. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी मंडळींना ओल्या कडांवरून चालू देत नाही आणि ज्येष्ठांचा हात धरायला एक तरुण मुलगा नेमते. जोराचा पाऊस झाला की खोल चौकात पाणी साचतं. कातळातून आतही ठिबकतं. छत्री बाहेर झटकून, मिटून आत न्या.

१८. आजी-आजोबा आणि व्हीलचेअर?

कार्ले किंवा लेण्याद्रीसारखी चढण इथे नाही, हा पाताळेश्वराचा मोठा गुण. गुडघे दुखणाऱ्या माणसाने आयुष्यात एकच लेणं बघायचं तर हेच. थोड्या पायऱ्या आहेत आणि दगडी जमीन उंचसखल आहे, त्यामुळे व्हीलचेअर शेवटपर्यंत एकट्याने नेता येत नाही, उचलायला दोन माणसं लागतात. तेवढं जमत नसेल तर बाहेर झाडांच्या सावलीत बसूनही नंदीमंडपाकडे बघत वेळ छान जातो. काठी जरूर आणा, आतल्या अंधारात ती डोळ्यांपेक्षा उपयोगी पडते.

१९. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी कसं असतं?

रांग. भक्तिभावाने जायचं तर त्याच दिवशी जा, तो गजबजाट बघण्यासारखा असतो. लेणं बघायचं तर ते दिवस सोडून. सोमवार एरवीही जरा वर्दळीचाच. मंगळवार ते शुक्रवार सकाळ सगळ्यात शांत.

२०. स्मारक संरक्षित आहे, मग पूजा कशी चालते? आणि कोणी भिंतीवर नाव खरवडताना दिसलं तर?

दोन्हींचं उत्तर १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात आहे. स्मारक संरक्षित झालं म्हणून तिथली चालत आलेली पूजा बंद होत नाही. देऊळ देऊळच राहतं, फक्त त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा वापर करता येत नाही. म्हणून इथे रोज पूजाही होते आणि दगडाला हात लावण्याआधी विभागाची परवानगीही लागते. आवारात स्वयंपाक करणं, फेरीवाल्यांनी दुकान मांडणं हेही नियमांत बसत नाही.

नाव खरवडणं हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दिसलं तर भांडत बसू नका, तिथल्या पहारेकऱ्याला लगेच सांगा. बाराशे वर्षं टिकलेल्या दगडावर कोणी किल्लीने बदामात दोन अक्षरं काढतं तेव्हा मला अजूनही रडू येतं.

याच कायद्यामुळे जवळपास राहणारे विचारतात: घराचं काम करता येतं का? संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, दुरुस्तीला परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकाम करता येतं, पण परवानगीनेच. काम सुरू करण्याआधी कागद हातात घ्या.

२१. पाताळेश्वर आवडलं. आता पुढे कुठलं?

जवळचं आणि अर्ध्या दिवसाचं म्हणजे घोराडेश्वर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, देहूरोडच्या पुढे शेलारवाडीची टेकडी. मूळ लेणी बौद्ध, आता त्यातल्या एकात महादेव. चढण आहे, पाणी घेऊन जा.

दिवसभर असेल तर जुन्नरजवळचं लेण्याद्री. अष्टविनायकातला गिरिजात्मज हा बौद्ध विहारात, सातव्या क्रमांकाच्या लेण्यात बसलेला आहे, आणि त्या सभामंडपात मध्ये एकही खांब नाही. पाताळेश्वरचं खांबांचं रान बघून आल्यावर तो रिकामा मंडप फार वेगळा वाटतो. पायऱ्या तीनशेच्या आसपास, तिकीट आहे, माकडं आहेत, पिशवी जपा.

ट्रेकची सवय असलेल्यांनी हरिश्चंद्रगडावरचं केदारेश्वराचं लेणं बघावं. गार पाण्यात पिंड, आणि चारपैकी एकच खांब उभा. घारापुरी सोमवारी बंद असते, वेरूळ मंगळवारी. सुट्टी टाकण्याआधी वार बघा.

वेरूळला जाणार असाल तर त्याआधी पाताळेश्वर नक्की पुन्हा बघून जा. सोळाव्या क्रमांकाच्या कैलासापुढे उभं राहिलं की भव्यतेने माणूस गांगरतो, कुठे बघावं ते कळत नाही. पण नंदीमंडपाभोवतीचा दगड कसा काढला ते तुम्ही जंगली महाराज रस्त्यावर नीट बघितलेलं असेल, तर कैलासातही नजर आपोआप वर छताकडे जाते आणि तिथून खाली उतरत येते, कारागिरांची छिन्नी उतरली त्याच क्रमाने.